व्हीलचेअरचं पुढचं जोडचाक, एर्फुर्टच्या दगडांवर सहा महिने

जर्मनीतलं एर्फुर्ट दिसायला फारच देखणं गाव, पण डोमप्लाट्झ या चौकापासून क्रेमरब्र्यूके या जुन्या पुलापर्यंत पायाखाली नुसते दगड, आणि खुर्चीची पुढची बारकी चाकं दोन दगडांच्या फटीत रुतली की खुर्ची जागेवर आणि आपण पुढे, मी दोनदा अशी तोंडावर पडलेय. नंतर तर जुन्या गावात जायचंच सोडून दिलं होतं.

मग क्रिस्टिना फोगेलबद्दल वाचलं. इथलीच सायकलपटू, 2012 ला लंडनला टीम स्प्रिंटचं गोल्ड, 2016 ला रिओत स्प्रिंटचं, तेही शेवटच्या रेषेपाशी सीट निखळून पडलेली असताना, आणि वर 11 वर्ल्ड टायटल. जून 2018 मध्ये कॉटबुसला ट्रेनिंग करताना दुसऱ्या सायकलवाल्यावर आदळली, छातीच्या सातव्या मणक्यापाशी मज्जारज्जू तुटला. आणि वर्ष व्हायच्या आत, मे 2019 ला, ती सीडीयू या जर्मन राजकीय पक्षाकडून एर्फुर्टच्या नगर परिषदेवर निवडून आली! ते वाचून मी रडले खरंच. फुटपाथची कड किती उंच ठेवायची हे जिथे ठरतं तिथे खुर्चीवरचं कुणीतरी बसलं पाहिजे हो, आणि मी मात्र दगडांना घाबरून घरात.

त्याच आठवड्यात व्हीलचेअरला पुढून जोडायचं हे चाक मागवलं. फूटरेस्टला क्लॅम्प लावायचा, खुर्ची जरा मागे तोलायची, चाक पुढे वळवून लॉक करायचं, की बारकी चाकं अधांतरी आणि खुर्ची तीन चाकांवर. मोठं, हवेचं टायर आहे त्यामुळे फटीत रुतत नाही, दगडांवर हादरे बसतात पण खुर्ची थांबत नाही. पहिल्या दिवशी पूल एका दमात पार केला, न थांबता, तळहात लाल झाले होते पण काय वाटलं सांगू!

तक्रारी आहेत. 500 युरोच्या वर किंमत, फोल्डिंग खुर्चीला माझ्या मॉडेलचा क्लॅम्प बसत नाही, आणि ट्राममध्ये वळताना लांबी आड येते म्हणून काढून मांडीवर घ्यावं लागतं. दुकानवाल्याने क्लॅम्प तिरका बसवून दिला होता, आठवडाभर खुर्ची डावीकडे ओढत होती, शेवटी मीच ॲलन की घेऊन सरळ केला. तेव्हा दुकानातून निघायच्या आधी सपाट फरशीवर दहा फूट चालवून बघा, हात सोडल्यावर सरळ जायला हवी.