डमी कॅमेरा घेऊ का? दहा महिने वापरून लिहितोय (सहकारनगर, पुणे)

समोरच्या काकूंच्या अंगणातलं चंदनाचं झाड २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत कापून नेलं, आणि सकाळी सगळे आधी माझ्या गेटपाशी आले, कारण माझ्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं तोंड बरोबर त्यांच्या फाटकाकडे होतं. तो कॅमेरा डमी होता, म्हणजे नुसता दिसायला, आत काहीच रेकॉर्ड होत नाही. म्हणून हे लिहितोय.

घेतला ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या आधी. आम्ही चार दिवस गावाला जाणार होतो आणि दिवाळीच्या तोंडावर पेपरात रोज कडी-कोयंडा उचकटून घरफोडी अशा बातम्या येत होत्या. खऱ्या कॅमेऱ्याचं कोटेशन घेतलेलं, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), हार्डडिस्क, वायरिंग धरून चार कॅमेऱ्यांचे बावीस हजार सांगितले. एवढे पैसे त्या वेळी काढणं शक्य नव्हतं. ऑनलाइन दोन डमी बुलेट (नळीसारख्या लांबट) कॅमेऱ्यांची जोडी ६४९ ला मिळाली. एक गेटवर लावला, एक मागच्या बाजूला मोरीच्या खिडकीवर.

कसा असतो ते बहुतेकांना माहीत आहेच, प्लॅस्टिकची बॉडी, पुढे काच, काचेमागे आयआरचे (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे वाटावेत असे नुसते ठिपके, आणि खाली एक लाल एलईडी जो दर दोन-तीन सेकंदांनी लुकलुकतो. दोन पेन्सिल सेल लागतात. मागून वीतभर वायर लोंबते ती कुठेच जात नाही, मी ड्रिलने भोक पाडून ती भिंतीत घुसवली आणि वरून पांढरं सिमेंट लावलं. खालून बघितलं तर दहापैकी नऊ जणांना कळणार नाही असं मला वाटायचं.

पहिले सहा महिने मी इतका खूश होतो की ऑफिसमधल्या तिघांना घ्यायला लावला. कारण फुलं. आमच्याकडे कंपाउंडला लागून जास्वंद आणि तगर आहे आणि पहाटे तळजाई टेकडीवरून फिरून उतरणारी मंडळी पिशव्या भरून फुलं तोडून न्यायची. काहींच्या हातात तर आकडा लावलेली काठी. आईला देवाला चार फुलं राहायची नाहीत, तिने बोर्ड लावला, सांगून बघितलं, एकदा भांडण पण झालं. कॅमेरा लागल्यावर आठ दिवसांत हे बंद झालं, पूर्ण बंद. गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या कमी झाल्या, कोपऱ्यावर कचऱ्याची पिशवी टाकून जाणारा माणूस दिसेनासा झाला. ६४९ रुपयांत एवढं होत असेल तर बावीस हजार कशाला घालवायचे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो आणि मनापासून सांगत होतो.

आता त्या लाल दिव्याबद्दल, कारण माझ्या डोक्यात दहा महिने तोच होता. सेल साधे टाकले तर दीड महिन्यात दिवा मंद होतो आणि मग बंद. शिडी काढा, चार स्क्रू काढा, सेल बदला, परत लावा. एका वेळेला चार सेल. नंतर अल्कलाइन टाकले, ते जास्त टिकले पण महाग. हिशेब लिहायची सवय आहे म्हणून सांगतो, दहा महिन्यांत सेलवर साडेपाचशे गेले. म्हणजे कॅमेरे ६४९ चे आणि त्यांचा दिवा पेटता ठेवायला जवळजवळ तेवढेच. आणि दिवा बंद दिसला की मला चैन पडायचं नाही, रात्री जेवून झालं की मी गेटपर्यंत जाऊन तो लुकलुकतोय का बघून यायचो.

मग पाऊस. २०२५ चा मे आठवत असेल, २६ तारखेलाच मान्सून पुण्यात आला होता आणि त्याच्या आधीही धो धो पडतच होता. जाहिरातीत वॉटरप्रूफ लिहिलेलं, पण जूनमध्ये गेटवरच्या डमीत काचेच्या आतून पाणी साचलं. खऱ्या बुलेट कॅमेऱ्याला रबराची गॅस्केट असते, याला नव्हती. उघडलं तर सेल फुटून पांढरा चिकट थर सगळीकडे आणि स्प्रिंग हिरवी पडलेली. विकणाऱ्याला मेल केला तर सात दिवसांची रिटर्नची मुदत संपली एवढंच उत्तर. मी स्प्रिंग पॉलिश पेपरने घासली, दिवा लागला, चार दिवसांनी परत बंद, परत घासली की परत लागायचा. तेव्हाच काढून टाकायला हवा होता. पण फुलं कोणी तोडत नव्हतं, म्हटलं राहू दे, आकार तर दिसतोय.

इथे एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला वाईट वाटतं. काकू एकट्या राहतात, काका गेले, मुलगा बाहेरच्या देशात. मुलाने मार्चमध्ये त्यांच्यासाठी खरा कॅमेरा बसवायचं ठरवलं होतं, माणूस येऊन जागा बघून गेला होता. काकूंनी मला विचारलं, "तुमच्या कॅमेऱ्यात आमचं फाटक दिसतं का रे?" मी म्हटलं, "हो काकू, दिसतं की." रस्त्यात उभं राहून बोलत होतो, दोन-तीन माणसं आजूबाजूला होती, डमी आहे हे सगळ्यांसमोर कसं सांगायचं म्हणून बोलून गेलो. नंतर घरी जाऊन सांगू असं ठरवलं आणि सांगितलं नाही. त्यांनी मुलाला कळवलं की समोर कॅमेरा आहे, उगाच खर्च करू नकोस. हे मला झाड गेल्यावर कळलं.

ते झाड काकांनी लावलेलं, वीस वर्षांच्या वर झाली असतील. चंदनाला एकट्याने वाढता येत नाही, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळातून अन्न घेतात, म्हणून काकांनी मुद्दाम कडुनिंबाला लागून लावलं होतं. आपल्या पुण्यात बंगल्यांतून, कॉलेजांच्या आवारातून चंदन चोरीला जातं हे नवीन नाही. चोर आधी येऊन खोडाला बारीक भोक पाडून आत सुगंधी गाभा धरलाय का ते बघून जातात. काकूंना असं भोक दिसलं होतं, त्यांना वाटलं भुंगा लागला. रात्री जोरदार पाऊस होता, करवतीचा आवाज कोणालाच आला नाही, मलाही नाही, आणि माझी झोपायची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. सकाळी कमरेएवढा बुंधा आणि फांद्यांचा ढीग. मधलं खोड तेवढं नेलेलं.

चौकीतून दोघं आले. हवालदारांनी वर बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरा आहे का?" मी नाही म्हटलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले की लाल दिवा लुकलुकणारा कॅमेरा डमी असतो हे या लोकांना आपल्या आधी माहीत असतं. मग काकूंना मीच जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा घेणार का विचारलं. चोरीची नोंद झाली, नवीन भारतीय न्याय संहितेखाली, पण चेहरा नाही, गाडीचा नंबर नाही, वेळ सुद्धा नक्की नाही, पोलीस तरी शोधणार काय.

हवालदार बोलले ते मी नंतर नीट समजून घेतलं. खऱ्या कॅमेऱ्याचे रात्रीचे आयआर दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असले तर जवळून बघितल्यावर मंद लालसर दिसतात पण एकसारखे, लुकलुकत नाहीत. ९४० चे असले तर डोळ्याला काहीच दिसत नाही. दिवसा तर बहुतेक खऱ्या कॅमेऱ्यांवर पुढे काहीच पेटलेलं नसतं. म्हणजे ज्या दिव्यासाठी मी दहा महिने शिडी चढलो, साडेपाचशे घातले, त्याच दिव्याने हा खोटा आहे असं रस्त्यावर जाहीर केलं. फुलं तोडणारा लांबून बघतो आणि लाजतो, त्याला तेवढं पुरतं. ज्याने करवत घेऊन यायचं ठरवलंय तो आधी दोन दिवस येऊन बघून जातो.

झाड गेल्यावर आठवड्याने तापकीर गल्लीतून खरा आणला. बावीस हजार लागलेच नाहीत, याची मला जास्त चीड आली. तीन मेगापिक्सेलचा बाहेर लावायचा वायफाय कॅमेरा २,८००, १२८ जीबीचं कार्ड ९००, इलेक्ट्रिशियन ५००. गुरुवारी लाईट जाते म्हणून राऊटर आणि कॅमेरा दोन्ही चालवायला छोटे यूपीएस, ते दोन मिळून २,२००. एकूण ६,४००. दहा-बारा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं पुसून नवीन चढतं. एकच कॅमेरा आहे, मागची बाजू अजून उघडी आहे, तिथे सध्या सेन्सरचा दिवा लावलाय, माणूस आला की पेटतो. कार्ड कॅमेऱ्यातच असल्याने कोणी कॅमेराच उपटून नेला तर फुटेज पण जातं, म्हणून तो बारा फुटांवर लावून घेतला. ॲप कधीकधी उघडायला वेळ लावतं आणि पावसाच्या धारा, पाकोळ्या यांच्यामुळे रात्री खोटे अलर्ट येतात, तेवढं सोसायचं.

तर डमी घेऊ का असं विचारणाऱ्यांना, फुलं, कचरा, आडवं पार्किंग एवढाच त्रास असेल तर उपयोग होतो, मी नाही म्हणणार नाही. दिवा नसलेला घ्या किंवा सेल टाकूच नका, आणि शेजारी कोणी एकटं राहत असेल तर लावायच्या दिवशीच त्यांना डमी आहे म्हणून सांगा. घर बंद ठेवून जाणार असाल किंवा घरात म्हातारी माणसं असतील तर खऱ्या कॅमेऱ्याचे पैसे साठेपर्यंत दाराला चांगलं लॅच आणि बाहेर सेन्सरचा दिवा, हे डमीपेक्षा जास्त कामाचं आहे.

काकूंच्या फोनवर पण ॲप टाकून दिलंय. कोन ठरवताना त्यांना शेजारी उभं करून विचारलं कुठपर्यंत दिसलेलं चालेल, फाटक आणि कंपाउंड येतं, घराचं दार येत नाही. मधे बुंध्याजवळ मुळातून दोन कोंब आलेत, ते दिसतात का म्हणून त्यांनी विचारलं. तेवढं कॅमेऱ्यात येत नाही, कंपाउंडची भिंत आड येते, तसं त्यांना सांगितलं.

दुसरा डमी, मोरीवरचा, कोरडा होता आणि चालू होता. परवा खालच्या गल्लीतल्या एकाने मागितला, नुसता पडलाय तर द्या म्हणाला. नाही दिला. सेल काढून घेतले आणि ई-कचऱ्यात टाकला.