खाडीकाठच्या शहरासाठी सांडपाणी प्रक्रिया : एसबीआर, एमबीआर की स्थिरीकरण तलाव?

समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या काठी सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारायचे ठरले की प्रस्तावांची तुलना बहुधा बीओडीच्या (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या) आकड्यावर होते, आणि निवड तिथेच चुकू लागते. कारण नीट चालवलेले जवळजवळ कोणतेही केंद्र बीओडी खाली आणतेच. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सोडलेले पाणी थेट समुद्रात निघून जात नाही, भरतीबरोबर ते पुन्हा वर येते. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. शिवाय गोड्या पाण्यातील शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसअभावी अडते, समुद्रालगत मात्र ती नायट्रोजनअभावी अडते. म्हणून येथे आधी नायट्रोजन पाहावा, मग रोगजंतू.

एसबीआरमध्ये (सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर, म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणारी टाकी) भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळलेले पाणी काढणे ही सारी कामे एकाच टाकीत, साधारण ४ ते ६ तासांच्या आवर्तनात होतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होण्यास सुमारे ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो केंद्राने दिला नाही, तर नदीतून घेतला जातो. आवर्तनात हवा बंद ठेवण्याचा टप्पा पुरेसा लांब ठेवला, की जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि प्राणवायूचा काही भाग वसूलही होतो. ही वेळापत्रके बदलता येणे हा एसबीआरचा खरा गुण आहे, पण तो चालकाच्या हाती आहे : वीज वाचवण्यासाठी ब्लोअर (हवा देणारी यंत्रे) लवकर बंद केले, तर बीओडी ठीक दिसतो आणि अमोनिया तसाच बाहेर पडतो.

एमबीआरमध्ये (मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे पटलांची गाळणी असलेली जैविक टाकी) गाळ बसण्याची वाट पाहावी लागत नाही. मायक्रॉनच्या अंशाएवढ्या छिद्रांच्या पटलांतून पाणी खेचले जाते. जागा कमी लागते, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि जिवाणू जवळजवळ सर्व अडतात. मात्र त्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला नायट्रोजन असू शकतो, कारण पटल तो अडवत नाही. त्यासाठी हवाविरहित टाकी येथेही हवीच. (सादरीकरणात ग्लासभर पाणी दाखवले गेले, तर नायट्रेटचा अहवालही मागावा.) पटले घासून स्वच्छ राहावीत म्हणून सतत हवा द्यावी लागते, त्यामुळे वीज जास्त खर्च होते, ठरावीक काळाने हायपोक्लोराइटने धुणे आणि काही वर्षांनी पटले बदलणे हा खर्च पहिल्या निविदेत सहसा ठळक दिसत नाही. पावसाळ्यात प्रवाह अचानक वाढला, की पटलांची मर्यादा लवकर गाठली जाते.

स्थिरीकरण तलावांना वीज जवळजवळ लागत नाही आणि ऊन व दीर्घ साठवणीमुळे जंतूही मरतात, पण पाणी अनेक दिवस ठेवण्याइतकी जमीन हवी, आणि शेवाळयुक्त पाणी नदीत जाते. लहान वस्तीला ते पुरेसे ठरतील. दाट शहराने त्यांचा विचार करू नये.

निर्जंतुकीकरणात क्लोरीन स्वस्त पडते, पण उरलेला क्लोरीन व अमोनियाशी मिळून होणारी क्लोरामाइने माशांना घातक असतात, म्हणून सोडण्यापूर्वी क्लोरीन काढून टाकणे ओघाने आलेच. अतिनील दिव्यांनी हा प्रश्न उरत नाही, मात्र पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचत नाहीत.

नदीच्या खालच्या अंगाला कालवे-शिंपल्यांची पैदास असेल किंवा पाण्याचा पुनर्वापर ठरलेला असेल, तर एमबीआरचा जादा खर्च समर्थनीय आहे, कारण शिंपले पाणी गाळून खातात आणि जंतू साठवतात. अन्यथा नायट्रोजन काढणारे एसबीआर आणि त्यापुढे अतिनील दिवे ही जोडी मध्यम शहराला अधिक योग्य वाटते. एसबीआरचे पाणी टप्प्याटप्प्याने बाहेर येते, त्यामुळे दिव्यांआधी प्रवाह एकसारखा करणारी समतोल टाकी घ्यावी लागते. ती थोडी मोठी बांधली, तर पाणी ओहोटीलाच सोडता येते.

निविदा काढण्यापूर्वी मात्र गटारांतील पाण्यातील क्लोराइड भरतीला आणि ओहोटीला मोजून घ्यावे. भरतीला ते वाढत असेल, तर फुटक्या वाहिन्यांतून समुद्राचे पाणी आत शिरत आहे. क्षारतेचे असे चढउतार अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना झेपत नाहीत, आणि समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून बनणारा हायड्रोजन सल्फाइड काँक्रीटही खातो. अशा वेळी पहिला पैसा वाहिन्यांच्या दुरुस्तीवरच खर्च व्हावा.