सिरॅमिक लेपाचा तवा, चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात जळगावच्या बाजारपेठेतील भांड्यांच्या एका दुकानातून मी सिरॅमिक लेपाचा एक संच घेतला. अकरा इंची तवा, काचेचे झाकण असलेली कढई आणि सिलिकॉनचा कालथा अशा तीन वस्तू त्यात होत्या आणि घासाघीस केल्यावर त्याचे २,३५० रुपये पडले. अमळनेरच्या आमच्या घरी चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो, त्यातली एक वेळ हमखास भाकरीची असते, आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे या भांड्यांच्या वाट्याला कष्टही भरपूर आले आणि चौकशीही. कंपनीचे व दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण याच धाटणीचे संच आता अनेक नावांनी मिळतात आणि माझे बहुतेक म्हणणे या प्रकारच्या लेपाविषयी आहे.

खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या: ‘शंभर टक्के सिरॅमिक’, ‘पीएफओए मुक्त’ आणि ‘४५० अंशांपर्यंत सुरक्षित’. तवा बाहेर काढला तेव्हा तो दुधावरच्या सायीच्या रंगाचा, गुळगुळीत आणि इतका हलका निघाला की सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारले, “हाऊ तवा शे का ताट शे?” त्यांचा बिडाचा तवा एका हाताने उचलताना माझे मनगट दुखते, तेव्हा हलकेपणाचे मला कौतुकच वाटले होते. तेच पुढे दोष ठरले.

आधी ‘शंभर टक्के सिरॅमिक’ या शब्दांविषयी. आपल्याकडे मडके, माठ, खापर, कौल हे सारे सिरॅमिकच. कुंभाराच्या आव्यात मातीतील खनिजांना रासायनिक बंधाने धरून ठेवलेले पाणी साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघून जाते आणि मग ती माती पाण्यात कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. तव्यावरचा लेप असा घडत नाही. तवा मुळात ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर सिलिकॉनच्या संयुगांचे पातळ द्रावण फवारतात आणि आव्याच्या मानाने खूपच कमी तापमानाला ते भाजतात, तेव्हा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे एकमेकांत गुंतलेले जाळे तयार होते. या पद्धतीला सोल-जेल म्हणतात. जाळ्यातील काही सिलिकॉन अणूंना कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट, मुख्यतः मिथिल गट, चिकटलेले राहतात. ते पृष्ठभागावर असल्यामुळे पाणी आणि पीठ तिथे धरत नाही. म्हणजे केसापेक्षाही पातळ असलेली ही साय पुरती सिरॅमिकही नाही आणि पुरते प्लास्टिकही नाही, दोघांच्या मधली आहे. यात कमीपणा काहीच नाही, उलट रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी सुबक युक्ती आहे; परंतु ‘शंभर टक्के’ हे शब्द वाचून ग्राहकाला मडक्याच्या जातीचे काहीतरी आपण घेतले असे वाटते, आणि ते बरोबर नाही.

‘पीएफओए मुक्त’ हा दावा खरा आहे, पण तो फारसे काही सांगत नाही. नेहमीच्या काळ्या नॉनस्टिक तव्यावर पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन असते. रॉय प्लंकेट या ड्यूपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाला ६ एप्रिल १९३८ रोजी ते अपघाताने सापडले. शीतकरणाच्या वायूंवर त्याचे काम चालू होते आणि एका नळकांड्यातून वायू येईना, वजन मात्र भरलेल्या नळकांड्याइतकेच. कापून पाहिले तर आत पांढरी, मेणचट भुकटी. सुट्या रेणूंनी आतल्या आत हातात हात धरून साखळी केली होती, म्हणजे बहुवारिक तयार झाले होते. ते तव्यावर बसवण्याची कल्पना फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार यांची, आणि त्यातून १९५६ साली टेफाल कंपनी उभी राहिली. पीएफओए हे या बहुवारिकाच्या कारखान्यात वापरले जाणारे मदतनीस रसायन होते. ते निसर्गात विघटन न होता वर्षानुवर्षे राहते, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले, आणि अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला होता. म्हणून आज दुकानातल्या पुष्कळ टेफ्लॉनच्या तव्यांवरही हीच चिठ्ठी लावलेली दिसते. सिरॅमिक लेपाचा खरा फायदा दुसरा आहे आणि खोक्यावर तो नीट सांगितलेलाच नाही: रिकामा तवा गॅसवर विसरला आणि तो ३५० अंशांच्या वर गेला तर टेफ्लॉनचे विघटन होऊन घातक वाफा निघतात, पिंजऱ्यातली पाखरे त्यांनी दगावतात, या लेपात फ्लोरिनच नसल्यामुळे ती भीती उरत नाही.

आता भाकरी. आमच्याकडे कळण्याची भाकरी होते, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि तिला तवा चांगला कडकडीत लागतो. भाकरी टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकते न सुकते तोच उलटायची आणि शेवटी विस्तवावर फुगवायची. बिडाच्या तव्यात उष्णता साठलेली असते, त्यामुळे गार, ओली भाकरी पडली तरी तो दबत नाही. हा हलका तवा पटकन तापतो आणि भाकरी पडताच तितकाच पटकन निवतो. मग आपण नकळत आच मोठी ठेवतो आणि दोन भाकऱ्यांच्या मधल्या वेळात कोरडा तवा भलताच तापतो. पहिले तीन महिने भाकरी छान सुटत होती, खालून पापुद्राही येत होता. चौथ्या महिन्यात बरोबर बर्नरच्या कड्याएवढे एक पिवळसर वर्तुळ मधोमध उमटले आणि भाकरी नेमकी त्या वर्तुळावर धरू लागली. कडेला अजूनही सुटत होती. तवा खिडकीशी तिरपा धरला की ते वर्तुळ निस्तेज दिसे, आणि पाण्याचा थेंब कडेला मण्यासारखा गोल राही, वर्तुळावर मात्र पसरे.

याचे कारण असे की लेपाचे सिलिकॉन-ऑक्सिजनचे जाळे ती उष्णता सोसते, पण न चिकटण्याचा गुण ज्यांच्यामुळे येतो ते मिथिल गट सोसत नाहीत, ते हळूहळू जळून जातात. ‘४५० अंशांपर्यंत सुरक्षित’ याचा अर्थ विषारी वाफ निघत नाही एवढाच घ्यावा. तवा तसाच निसरडा राहील असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. दुसरे कारण तेलाचे. तेलाचा पातळ थर फार तापला की त्याचे रेणू हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि चिवट, पिवळसर राळेसारखा थर तयार होतो. गंमत अशी की बिडाच्या तव्यावरची काळी, तुकतुकीत साय हीच असते. सासूबाईंनी तीस वर्षे रोज थोडे तेल पुसून त्या तव्यावर जो लेप चढवला आहे, तो त्यांनी स्वयंपाकघरात घडवलेले बहुवारिकच आहे. लोखंडावर जो थर भाकरी सोडवतो तोच या पांढऱ्या लेपावर बसला की भाकरी धरून ठेवतो, कारण इथे तो ठिपक्याठिपक्यांनी बसतो, सलग होत नाही, आणि घासायला गेले तर खालचा लेपही जातो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या तेव्हा अंगणात चूल मांडून खापरावरचे मांडे झाले. मी हट्टाने एक छोटा मांडा या तव्यावर करून पाहायचे ठरवले. ज्यांनी मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: सपिटाची कणीक भरपूर पाण्याने आणि तेलाने तिंबून इतकी लवचीक करतात की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत पाटाएवढा पसरवता येतो आणि मग तो चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडतात. खापर घुमटासारखे असल्यामुळे एवढी पातळ पोळी सुरकुती न पडता त्यावर पांघरली जाते. आणि भाजलेली माती सच्छिद्र असल्यामुळे पोळीखालची वाफ ती शोषून घेते. माझ्या सपाट, गुळगुळीत तव्यावर वाफेला जायला जागाच नव्हती. मांडा अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा एका बाजूला घसरला, घडी पडली आणि पुरण कडेने बाहेर आले. थोरल्या नणंदेने सुचवले की कढई पालथी घालून पाहावी. कल्पना खरोखर चांगली होती, पण कढईला बाहेरून साधा रंगीत लेप आहे आणि दोन्ही मुठी बॅकेलाइटच्या आहेत, त्या चुलीच्या जाळात गेल्या असत्या. खापर हाटातून दोनशे रुपयांना आणले होते, त्याला मूठही नाही आणि चिठ्ठीही नाही.

मुठीचा अनुभव मात्र मी घेतलेलाच आहे. पावसाळ्यात एकदा तव्याची मूठ शेजारच्या बर्नरवर आलेली माझ्या लक्षात आली नाही आणि घरभर दवाखान्यातल्या फिनाइलसारखा जळका वास पसरला. बॅकेलाइट हे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्कजवळ तयार केले. पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेले ते पहिले प्लास्टिक. वास फिनॉलचाच होता. मूठ काळवंडली, एका कडेचा टवका उडाला, पण वितळून एक थेंबही खाली पडला नाही, कारण बॅकेलाइटच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी कायमच्या जोडलेल्या असतात. बादलीच्या प्लास्टिकची मूठ असती तर ती गॅसवर ओघळली असती. या बाबतीत संचाला पूर्ण गुण. मुठीचा स्क्रू मात्र दोनदा सैल झाला.

कालथ्याने मला सर्वांत जास्त समाधान दिले. मराठीत मूलद्रव्यही सिलिकॉन आणि हे रबरही सिलिकॉनच, त्यामुळे विद्यार्थी दर वर्षी गोंधळतात. या रबराचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून साध्या प्लास्टिकचा कालथा जिथे मऊ पडतो तिथे हा ताठ राहतो. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोशो यांनी सिलिकॉन मूलद्रव्यापासून थेट त्याचा कच्चा माल बनवण्याची रीत शोधली आणि त्यामुळे पुढे तो मोठ्या प्रमाणावर स्वस्तात मिळू लागला. चौदा महिन्यांत त्याची कड झिजलेली नाही आणि लेपावर त्याचा एकही ओरखडा नाही. तक्रार एकच: शेवभाजीच्या तर्रीत बुडवला की काळ्या मसाल्याचे तेल तो पितो. आमचा पांढरा कालथा आता कायमचा नारिंगी झाला आहे आणि खिरीला तो वापरता येत नाही, वास येतो. दोन रंगांचे दोन कालथे ठेवावेत.

धुण्याविषयी थोडे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, आणि तवा ओलाच ठेवला की त्यावर पांढरे डाग दिसतात. ते लेपाचे नव्हेत, क्षारांचे आहेत. लिंबाच्या सालीने जातात. तारेची घासणी अर्थातच नको. तापलेला तवा नळाखाली धरण्याची सवय सर्वांत वाईट: एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १०० अंशांनी तापली तर सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, शुद्ध सिलिका काच एक दशांश मिलिमीटरही वाढत नाही. लेप शुद्ध सिलिकाचा नसल्याने फरक इतका टोकाचा नसला तरी खालचा धातू झटकन आक्रसतो आणि वरच्या थराला बारीक तडे जातात. माझ्या तव्याला कडेशी असे तीन तडे आहेत, उन्हात दिसतात.

दहाव्या महिन्यात मी तवा घेऊन दुकानात गेले. हमीपत्र दोन वर्षांचे होते, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘लेपाची नैसर्गिक झीज वगळून’ असे छापलेले होते. लेपाच्या भांड्याच्या हमीतून लेपच वगळल्यावर उरते काय, असे मी विचारले. दुकानदाराने मुठीचा स्क्रू फुकट बदलून दिला आणि चहा मागवला. हमीपत्र खरेदीच्या वेळीच उलटून वाचायला हवे होते, ही चूक माझी.

तवा सुटा मिळत असेल तर भाकरीसाठी घेऊ नये. धिरडी, घावन, आमलेट, शिळी पोळी गरम करणे अशा मध्यम आचेच्या कामांना तो आजही बरा आहे, आणि तेल खरोखर चमचाभरच लागते. कढईविषयी मत वेगळे. तिच्यात नेहमी भाजी, रस्सा, खीर असे काहीतरी पाणीदार असते, त्यामुळे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जातच नाही, आणि चौदा महिन्यांनंतरही पातोड्यांची भाजी तळाला लागत नाही. कढई तव्याच्या वर रचून ठेवायची असेल तर मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालावा. आमच्या तव्यावरचा सर्वांत लांब ओरखडा कालथ्याचा नाही, कढईच्या बुडाच्या पोलादी चकतीचा आहे.