प्लकर कुकरमध्ये की निळ्या पेटीत? पार्लरच्या निर्जंतुकीकरणाचे पर्याय, मराठवाड्याच्या पाण्याच्या हिशेबाने

नवं पार्लर टाकताना सामानाच्या यादीत ‘स्टरलायझर’ नावाची निळ्या दिव्याची पेटी हमखास असते. दुकानदार ती आवर्जून दाखवतो, गिऱ्हाइकाला ती काचेतून दिसते, म्हणून घ्यावीशीही वाटते. ती घ्यावी, गॅसवर कुकर चढवावा की स्पिरिटच्या बरणीवर भागवावं, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर आधीच सांगून टाकतो: पेटीचा नंबर सगळ्यात शेवटी. कोणतं हत्यार कशात टाकायचं हे ते हत्यार कुठे लागतं यावर ठरतं, आणि मराठवाड्यात ते पाण्यावरही ठरतं. इथली लग्नसराई भरात येते एप्रिल-मेमध्ये. तेव्हाच बोअर आटलेलं असतं, टँकरची वाट बघणं चालू असतं आणि भर दुपारी लाईट गेलेली असते. त्या दिवशी जी पद्धत टिकत नाही, ती जानेवारीत कितीही छान चालली तरी बिनकामाची.

एक गोष्ट सगळ्याच पर्यायांना लागू आहे. हत्यार आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून, धुऊन, पुसून घ्यायचं. क्रीम, मेण, केस, सुकलेलं रक्त यांच्या थराखाली औषध पोहोचत नाही आणि प्रकाश तर नाहीच नाही. यात पाण्याची बचत करायची असेल तर नळाखाली धरू नका. दोन वाडगी घ्या, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, आणि दिवसभरातली हत्यारं त्यात एकदमच काढा. मोऱ्या मात्र वेगळ्या हव्यात, चहाची भांडी जिथे घासता तिथे हे नको.

कुकर की उकळणं?

निपर (नखाभोवतीची कातडी कापायचं हत्यार), ब्लॅकहेड रिमूव्हर, टोकदार प्लकर ही हत्यारं कातडीखाली जातात किंवा जाऊ शकतात. कावीळ ‘ब’चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो, आणि रक्ताचा डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही. या हत्यारांसाठी वाफेचा दाब हाच खरा उपाय. छोटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, परवडत असेल तर उत्तम. नसेल तर साधा पाच लिटरचा प्रेशर कुकर तेच काम करतो, कारण त्यातला दाब साधारण १५ पौंडांचा असतो आणि त्या दाबाला वाफ १२१ अंशांवर जाते. मात्र तो कुकर मग पार्लरचाच, वरण-भाताला परत न्यायचा नाही.

तळाला दोन पेले पाणी, वर जाळी, जाळीवर हत्यारं. निपरचं तोंड उघडं ठेवा. बंद स्टीलच्या डब्यात घालून ठेवलंत तर वाफ आत शिरत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते, ही चूक फार होते. पाणी उकळून वाफेचा सरळ झोत यायला लागला की पाच मिनिटं तसाच येऊ द्या, आतली हवा निघून गेली पाहिजे. मगच शिट्टी बसवा. दाब भरला की आच मंद करून घड्याळ लावा: उघड्या हत्यारांना २० मिनिटं, कापडात गुंडाळलेल्यांना ३०. शिट्ट्या मोजून चालत नाही. कुठला कुकर दोन मिनिटांनी वाजतो, कुठला पाचाला, वेळेशी त्याचा काही संबंध नाही. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, हत्यारं गरम असतानाच कोरडी होऊ द्या आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. ओली भरलीत तर गंजही चढतो आणि जंतूही.

उकळणं यापेक्षा सोपं वाटतं. भांडं झाकून, पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून २० मिनिटं मोजली तर बहुतेक जंतू आणि विषाणू मरतात. पण काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली सुप्त रूपं, त्यातूनही वाचतात. अडचण अशी, की मध्येच कुणी आणखी एक प्लकर टाकला की घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि ते कुणी पाळत नाही. दुसरं आपल्या पाण्याचं. बोअरचं पाणी इतकं जड, की आठवड्याभरात निपरच्या सांध्यात पांढरे क्षार बसतात आणि धार जाते. कुकरमध्ये हत्याराला फक्त वाफ लागते, क्षार तळाशी राहतात. उकळायचंच असेल तर जारचं आरओ पाणी वापरा. थोडंसंच लागणार असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणीही चालतं, ते बहुतेक पार्लरमध्ये असतंच. दोन्ही पद्धतींना लाईट लागत नाही. तरी निवड करायची झाली तर कुकर, दोनदा विचार करायची गरज नाही. दोन्हींत फक्त स्टेनलेस स्टील टाकायचं, प्लास्टिकचा कंगवा वाकडा होऊन बाहेर येईल.

स्पिरिट

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेसाठी स्पिरिटला तोड नाही. पाणी जवळजवळ लागत नाही, मेमध्ये ही केवढी सोय. पण ते ७० टक्के अल्कोहोलचं हवं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त जालीम असेल असं वाटतं, तसं नाही. जंतूंमधली प्रथिनं मोडायला पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. ९९ टक्क्यांची बाटली मिळाली तर त्यातल्या ७०० मिलीत ३०० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. हत्यार झाकणाच्या काचेच्या बरणीत १० मिनिटं पूर्ण बुडलेलं हवं. कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. हाताचं सॅनिटायझरही बरणीत ओतू नका, त्यातलं ग्लिसरीन हत्याराला चिकटून बसतं.

धोका आगीचा. या ताकदीचं अल्कोहोल आपल्या उन्हाळ्यात नुसत्या वाफेवरही पेट घेतं. बरणी वॅक्स हीटरपासून आणि गॅसपासून हातभर नव्हे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि रक्त लागलेल्या हत्याराला स्पिरिट पुरत नाही. ते बाजूला काढून धुवायचं आणि संध्याकाळच्या कुकरमध्येच टाकायचं.

ब्लीच, पण ते ब्लीच नव्हे

पार्लरमध्ये ब्लीच म्हटलं की चेहऱ्याचं. इथे म्हणायचंय ते सोडियम हायपोक्लोराइट, फरशी आणि कपड्यांसाठी मिळतं ते. दोन्ही एका फळीवर ठेवू नका. चेहऱ्याच्या ब्लीचमध्ये आणि कित्येक हेअर कलरमध्ये अमोनिया असतो. तो हायपोक्लोराइटमध्ये मिसळला की घसा जाळणारा विषारी वायू निघतो. संडासच्या अ‍ॅसिडबरोबर तर थेट क्लोरीनच.

प्रमाण: बाटलीवर ५ टक्के असेल तर १०० मिलीत ९०० मिली पाणी, म्हणजे ०.५ टक्के, हे रक्त सांडलेल्या जागेसाठी. टब, वाटी, फरशी यांना २० मिलीत ९८० मिली पाणी पुरतं. दोन्हीकडे १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. हे द्रावण रोज नवीन करायचं. मूळ बाटलीही उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर झपाट्याने नेभळट होते, म्हणून छोटी बाटली घ्या, तारीख बघा आणि अंधाऱ्या थंड जागी ठेवा. सगळ्यांत स्वस्त औषध हेच, पण स्टीलवर खड्डे पाडतं. धातूच्या हत्यारांसाठी रोजचं औषध म्हणून ते नकोच.

प्लास्टिकचे कंगवे आणि ब्रश यांना मात्र ते चालतं: केस काढा, साबणाने धुवा, सौम्य द्रावणात १० मिनिटं बुडवा, खळबळून वाळवा. उवांची शंका असेल तर ५५ अंशांच्या वर असलेल्या गरम पाण्यात १० मिनिटं. बेंझाल्कोनियम क्लोराइडची औषधंही कंगव्यांसाठी मिळतात. ती धातू खात नाहीत, पण राहिलेला साबण आणि जड पाणी दोन्ही त्यांचा जोर मोडतात.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं घरचं अँटिसेप्टिक हत्यारांसाठी धरू नका. वासाने दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, एवढंच. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड ताकदवान आहे, पण त्याच्या वाफा डोळ्यांना आणि छातीला त्रास देतात. एका खिडकीच्या पार्लरचं ते काम नव्हे.

मग ती पेटी?

अतिनील किरण जंतू मारतात हे खरं, २५४ नॅनोमीटरचे असतील तर. पण ते जिथे पडतात तिथेच मारतात. प्लकरच्या दोन पात्यांच्या मध्ये, निपरच्या सांध्यात, एकावर एक रचलेल्या हत्यारांच्या सावलीत काहीच होत नाही. दिवा निळा दिसतो म्हणून किरण योग्य आहेत असंही नाही. पुष्कळ स्वस्त पेट्यांत नुसता जांभळा एलईडी असतो. खरा दिवाही काही हजार तासांनी प्रकाश देत राहतो, पण जंतू मारेनासा होतो. कुकरमधून निघालेली कोरडी हत्यारं धूळ न लागता ठेवायला पेटी चालेल, पण ते काम झाकणाचा स्टीलचा डबाही करतो. त्याच पैशांत प्लकर-निपरचे जादा जोड घ्या. सहा जोड असले की लग्नाच्या गर्दीत कुणी बरणीतून तीन मिनिटांतच हत्यार काढून वापरत नाही.

पेडिक्युअर आणि वॅक्स

पाण्याचे फवारे सोडणारा टब की साधं घमेलं? आपल्याकडे घमेलंच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये २००० साली शंभराहून अधिक बायकांच्या पायांवर चिघळणारी गळवं आली. पायांच्या टबात पाणी खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता, आणि त्यात जिवाणू वाढत होते. घरून पाय शेव्ह करून आलेल्यांना जास्त बाधा झाली. फवाऱ्याचा टब नीट साफ करायचा तर औषधाचं पाणी भरून तो १० मिनिटं चालवावा लागतो, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे आणखी एक टबभर पाणी. घमेलं अर्ध्या लिटरात घासून निघतं आणि पाव लिटर द्रावण फवारून ओलं ठेवता येतं. लाकडी काडी आणि घासायचा दगड धुऊन निर्जंतुक होत नाहीत, ज्याचं त्याला देऊन टाका.

हीटरमधलं वॅक्स गरम असतं, जंतू मरतील इतकं नसतं. अंगाला लागलेला चाकू परत डब्यात गेला की पुढच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं वॅक्स दूषित झालं. प्रत्येक वेळी नवी आइस्क्रीमची काडी वापरा, किंवा लागेल तेवढं वॅक्स एका वाटीत काढून उरलेलं टाकून द्या. दुसरा मार्ग स्वस्त, पहिला निर्धास्त. रोलऑन सोयीचं दिसतं, पण त्याचा रोलर थेट कातडीवरून फिरतो, म्हणून एक काडतूस एकीलाच. वापरलेलं वॅक्स गाळून परत वितळवणं हा तर विचारच करू नका. थ्रेडिंगचा दोरा दातात नाही, मानेला अडकवायचा, आणि दर वेळी नवा तुकडा.

चेहऱ्याला सुया टोचणारा रोलर या सगळ्यात बसतच नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये गिऱ्हाइकाचंच रक्त काढून ते तशाच सुयांनी चेहऱ्यात टोचायच्या उपचारातून गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाली होती. तो स्पा २०१८ मध्ये बंद झाला. पार्लरमध्ये ते काम घेऊ नका.

काम करणाऱ्या मुलींना कावीळ ‘ब’ची लस द्या. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लग्नसराईआधी तिन्ही व्हायचे असतील तर पहिली सुई गणपतीच्या सुमारास टोचून घ्यावी लागते.