टेम्पोतला लाल पाम आणि खानदेशचं ऊन

मंडळी, मार्च लागला की जळगाव-भुसावळच्या कॉलन्यांतून शोभेच्या झाडांचे टेम्पो फिरायला लागतात. सगळेच लबाड असतात असं नाही. पण आमच्या गल्लीत पाच-सहा घरांना एकाच माणसाने गंडवलं, आणि त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की सविस्तर लिहिणं भाग आहे.

माल दिसायला फर्स्ट क्लास. पानं तेल पुसल्यासारखी चकचकीत. "भाभीजी, सीधा कडियम का माल है. रात को भी ऑक्सिजन देता है, नासा ने बोला है." आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं कडियम रोपवाटिकांसाठी खरंच नावाजलेलं आहे, त्यामुळे नाव ऐकूनच माणूस सैल पडतो. नासाचं म्हणाल तर तो १९८९ चा अभ्यास झाडं हवा शुद्ध करतात का याबद्दलचा, आणि तोही हवाबंद पेटीत केलेला होता. दारं-खिडक्या असलेल्या घरात झाडांनी हवा शुद्ध करायची तर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात दाखवलंय. म्हणजे आपण बसायचं कुठे! आणि तो विकत होता तो अरेका पाम, म्हणजे घरोघरी कुंडीत दिसणारा पिवळट दांड्यांचा पाम, तोसुद्धा रात्री आपल्यासारखा ऑक्सिजन घेतोच.

दोन अरेका सहाशेला एक आणि दोन 'लिपस्टिक पाम' पंधराशेला एक, असे बेचाळीसशे झाले. लिपस्टिक पाम म्हणजे लालभडक दांड्यांचा पाम. तो मूळचा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीचा. त्याला बारा महिने दमट हवा लागते, शिवाय वाढतो अगदी हळू. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात आणि हवा कोरडी ठाक, तिथे तो काय तग धरणार? पण आमचं प्रकरण तिथवर गेलंच नाही. आठवड्याने धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं तर फडकं गुलाबी झालं. दुसऱ्यांदा जोर लावून घासलं, तर खालून अरेकाची नेहमीची पिवळट दांडी बाहेर आली. देठाच्या बेचक्यात तेवढा रंग साचून राहिला होता.

तोवर पानांची टोकंही करपायला लागली होती. फोन केला तर तो उचलायचा, हे विशेष. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवले आणि निदान केलं: "आपका पानी खारा है, धूप भी ज्यादा है." रंगाचं विचारलं तर म्हणे, "गरमी में फीका पड़ता है."

खरी मेख इथेच आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पामची टोकं करपतात, पश्चिमेच्या उन्हाने पानं भाजतात, दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. त्यामुळे खानदेशात झाड वाळलं की बाई स्वतःलाच बोल लावते, विकणाऱ्याला नाही. (आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा: त्यात क्षार आणखी जास्त असतात, पामला ते नकोच.) मग त्याने दांड्यांवरच्या बारीक काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. फंगस आहे म्हणे, औषध साडेआठशे, पैसे आधी यूपीआयने. ते ठिपके अरेकाच्या दांडीवर निसर्गतःच असतात. औषध आजतागायत आलेलं नाही.

छडा लावला आमच्या आबांनी. सासरे रावेरकडचे, उभा जन्म केळीत गेला. त्यांनी अरेकाची दांडी धरून जरा वर ओढली तर झाड अलगद हातात आलं. "मुळ्याच नाही ना वं पोरी याले!" खाली चिकणमातीचा गच्च गोळा, सुतळीने बांधलेला, आणि त्यात चाकूने सपाट कापलेला बुडखा. मोठ्या झुडपातून दांड्या कापून नुसत्या खोचलेल्या. कंदाशिवाय केळीचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटणारं पिल्लू, लावल्यासारखाच प्रकार. पामची कापलेली दांडी गुलाबाच्या फांदीसारखी मुळं धरत नाही. अंगातल्या ओलाव्यावर दोन-तीन आठवडे हिरवी राहते, आणि तेवढ्यात टेम्पो दुसऱ्या गावाला लागतो.

नंतर फोन कायमचा बंद. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत नाहीत. औषधाचे पैसे कुणी असेच पाठवले असतील तर तासाभरात १९३० ला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

घेताना कुंडी आडवी करून झाड बाहेर काढून दाखवायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर तळाच्या भोकांतून मुळं डोकावतायत का पाहा. खोड हळूच हलवा, रुजलेलं झाड कुंडीसकट हलतं. रंगीत दांडी असेल तर ओल्या रुमालाने घासा, विक्रेत्यासमोरच. "हात लगाने से पौधा खराब होगा" म्हणणाऱ्याला पुढच्या गल्लीचा रस्ता दाखवा.

आता गावातल्याच रोपवाटिकेतून अडीचशेला एक अरेका आणलाय. काळ्या मातीऐवजी कोकोपीट, वाळू, शेणखत, पडद्याआडचा उजेड, कूलरचा झोत अंगावर नाही. नवी सुरळी फुटतेय.

परवा पिंप्राळ्याकडे तसाच टेम्पो उभा होता म्हणे. या खेपेला लाल नाही, 'निळा पाम' आहे.