घरातल्या मेलची वाटणी: एक सामाईक पेटी की प्रत्येकाची वेगळी?

स्वतःचं डोमेन आहे, घरात एक छोटं मशीन चोवीस तास चालू असतं, त्यावर डव्हकॉट (घरच्या पेट्या सांभाळणारा मेल-सर्व्हर) बसवलंय आणि घरात माणसं चार. ज्याचा मेल त्याच्याच पेटीत पडायला हवा. इथवर आलात की पुढे दोन वाटा दिसतात. तिसरीही आहे, घरच्या मशीनवर थेट एसएमटीपीने (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल पोचवायची पद्धत) मेल घ्यायची. पण घरगुती जोडणीवर त्यासाठी लागणारं पोर्ट २५ बऱ्याचदा बंदच असतं, आयपी बदलत राहतो, आणि तिथून पाठवलेलं पुष्कळसं स्पॅममध्ये जातं. हौस असेल तर जरूर करा, मी त्या वाटेला गेलो नाही.

पहिली वाट म्हणजे मेल-पुरवठादाराकडे एकच कॅच-ऑल पेटी. डोमेनवरच्या कुठल्याही नावाने आलेला मेल तिच्यात पडतो, घरच्या मशीनवरचं फेचमेल (दुसरीकडच्या पेटीतला मेल आणून देणारा प्रोग्रॅम) ती रिकामी करतं आणि पत्ता बघून वाटणी करतं. फेचमेलच्या भाषेत हे मल्टिड्रॉप. दुसऱ्या वाटेत पुरवठादाराकडेच चार पेट्या, आणि फेचमेल चौघांच्या दारात आळीपाळीने जाऊन येतं.

मी पहिलीने सुरुवात केली आणि वर्षभर तिच्यावर खूश होतो. पासवर्ड एक, खर्च एका पेटीचा, नवा पत्ता हवा तर मनात येईल ते नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. शिवाय आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) आयडल, म्हणजे नवा मेल आला की सर्व्हरने लगेच कळवायची सोय, फेचमेलला एका वेळी एकाच फोल्डरवर लावता येतं. पेटी एकच असल्याने ही अडचण कधी जाणवलीच नाही, आणि मेल तिकडे पडला की क्षणात इकडे हजर.

मग मुलीच्या मुलाखतीचं प्रकरण झालं. संस्थेने वेळापत्रक सगळ्या उमेदवारांना बीसीसीने, म्हणजे घेणाऱ्यांचे पत्ते न दाखवता, पाठवलं होतं. ‘टू’मध्ये संस्थेचा स्वतःचा पत्ता, मुलीचं नाव अख्ख्या मेलमध्ये कुठेच नाही. पत्राचं पाकीट फाडून फेकलं आणि आतला मायना वाचून पत्र कोणाचं ते ठरवायला बसलं, तर जे होईल तेच इथे होतं. एसएमटीपीच्या बोलण्यात पाकिटावर खरं नाव असतं, पण मेल पेटीत पडला की ते पाकीट जातं. फेचमेलला घरातल्या कोणाचं नाव सापडलं नाही, म्हणून त्याने तो मेल पोस्टमास्टरला दिला. पोस्टमास्टर म्हणजे मी, आणि असले मेल मी एका फोल्डरकडे वळवून विसरून गेलो होतो. चार दिवसांनी, मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, सहज उघडला म्हणून दिसला. तिला पाठवला तर आभार राहिले बाजूला, “बाबा, तू माझे मेल वाचतोस?”

तिचंही बरोबरच होतं म्हणा.

यावर उपाय नाही असं नाही. काही पुरवठादार पाकिटावरचं नाव एखाद्या हेडरमध्ये (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळींपैकी एकीत) उतरवून ठेवतात, आणि ‘एन्व्हलप’ या पर्यायाने फेचमेलला त्याच हेडरकडे बघायला सांगता येतं. माझ्या नशिबी ‘डिलिव्हर्ड-टू’ होतं, पण त्यात कॅच-ऑल पेटीचंच नाव. ‘एक्स-ओरिजिनल-टू’ असतं तर काम झालं असतं. तुम्ही ठरवण्याआधी एवढं करून बघा: बाहेरच्या एखाद्या खात्यावरून घरातल्या कोणालातरी बीसीसीने मेल पाठवा, तो पेटीत आला की त्याचा सोर्स (सगळ्या हेडरसकट कच्चा मजकूर) उघडा आणि त्या माणसाचा पत्ता वर कुठे दिसतो का ते शोधा. दिसला तर सामाईक पेटी तुम्हाला कदाचित उत्तम चालेल. नाही दिसला तर मेलिंग लिस्टचंही हेच रडगाणं, कारण तिथे ‘टू’मध्ये लिस्टचा पत्ता असतो. दोघांना मिळून आलेल्या मेलच्या दोन-दोन प्रती पडणं हा त्यातला त्यात सौम्य त्रास. फेचमेलच्या मॅन्युअलमध्ये मल्टिड्रॉपच्या वापराबद्दल आणि गैरवापराबद्दल वेगळा भाग आहे. तो मी नंतर वाचला, नेहमीप्रमाणे.

वेगळ्या पेट्यांचेही त्रास आहेत, नाही कसे. खर्च चौपट नसला तरी वाढतो. फेचमेलच्या सेटिंगच्या फाइलीत चार पासवर्ड येतात, त्यामुळे तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी. दुसऱ्या कोणाला ती वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतं. आणि एक खोच अशी की आयमॅपने आणत असाल आणि कोणी फोनवरून थेट पुरवठादाराकडे तोच मेल आधी वाचला, तर फेचमेल त्याला वाचलेला समजून सोडून देतं, घरच्या पेटीत तो येतच नाही. म्हणून मी पॉप-३ (पेटीतला मेल उतरवून घ्यायची पद्धत) आणि ‘कीप’ (तिकडचा मेल न पुसण्याचा पर्याय) वापरतो, त्यात कोणता मेल आणून झालाय याची नोंद फेचमेल स्वतः ठेवतं. यात आयडल गेलं. दर पाच मिनिटांनी फेरी होते, आणि ओटीपीची वाट बघणारा माणूस पाच मिनिटांत किती चिडू शकतो हे मला आता ठाऊक आहे. बायकोने फोनवर पुरवठादाराचं खातं थेट जोडून तो प्रश्न स्वतःपुरता सोडवला.

पण वाटणीबद्दल आता विचारच करावा लागत नाही. मेल कोणाचा हे तो कोणाच्या पेटीतून आला त्यावरून ठरतं. आतला मायना वाचायची गरज नाही. फाइलीतली ओळही तशीच, ‘तिकडचा अमुक म्हणजे इकडचा तमुक’, आणि अशा चार ओळी. तुमच्या घरात दोघंच असतील आणि बीसीसीची चाचणी पार पडली असेल, तर पहिल्या वाटेने जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी मात्र परत जाणार नाही.

कॅच-ऑल अजून चालू आहे. चार नावं सोडून डोमेनवर जे काही येतं ते तिच्यात पडतं, म्हणजे मुख्यतः नोंदणीसाठी कुठेतरी दिलेले कामचलाऊ पत्ते. त्यांची वाटणी करत नाही, रविवारी एकदा उघडून बघतो.