बीपीचं मशीन घरात येऊन आठ महिने झाले

दिवाळीच्या आधी नागपूरच्या सीताबर्डीतून दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन आणलं, सासऱ्यांसाठी. बाबा 74 वर्षांचे, बीपीची गोळी बारा वर्षांपासून सुरू. मनगटावरचं मशीन सुटसुटीत होतं, पण मनगट नेमकं छातीच्या उंचीला धरलं नाही तर आकडा चुकतो, म्हणून दंडाचंच घेतलं.

पहिले पंधरा दिवस वैतागात गेले. आत्ता 158, दहा मिनिटांनी 141. बाबा म्हणायचे, "मनाला येईल ते सांगून राहिलं हे!" शेवटी त्यांचा दंड शिलाईच्या टेपने मोजला. 35 सेंटिमीटर भरला, आणि सोबत आलेला पट्टा 22 ते 32चा. पट्टा लहान पडला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागला. दुकानदाराने हे आधीच विचारायला हवं होतं. शिवाय बाबा दिवाणावर पाय लोंबकळत ठेवून, चहा संपवून, गप्पा मारत मोजायचे. आता चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर उशी ठेवून तिच्यावर. पाच मिनिटं गप्प. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा, आणि दोन्ही आकडे वहीत.

जानेवारीत एकदा सहज स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. 152/96. माझं वय 46. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. आठवडाभर रोज मोजलं, तरी खाली येईना. दवाखान्यात 140/90 आणि घरी 135/85 किंवा त्याहून जास्त सतत येत असेल तर ते वाढलेलंच, असं डॉक्टरांनी समजावलं. लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), इसीजी आणि डोळ्यांचा पडदा, सगळं तपासायला सांगितलं, कारण हा दाब मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षं आतून इजा करत असतो आणि कळू देत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मिठाचा हिशेब केला. आम्ही पाच माणसं, महिन्याला दीड किलो मीठ. म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत म्हणते. विकतचे पापड, शेव आणि रविवारचे तर्री पोहे यात धरलेच नाहीत. आता महिन्याला एक किलोच्या खाली आलो आहोत. मला गोळीही सुरू झाली.

या मशीनचा खरा उपयोग नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात झाला. बाबा उठून उभे राहिले की त्यांना गरगरायचं. मोजलं तर 104/62. उन्हाने रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी जातं, त्यात बाबांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. आम्ही मनाने गोळी बंद केली नाही. वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवला, त्यांनी डोस कमी केला.

तक्रारी म्हणाल तर चार पेन्सिल सेल तीन महिन्यांत संपतात आणि पट्ट्याच्या चिकटपट्टीत धागे अडकतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी मात्र अशा मशीनवर विसंबू नये, आकडा फसवा येऊ शकतो. मी ते एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहिलं, चार आकड्यांचा फरक आला.

आज सकाळी बाबा 128/74, मी 126/82.